रुळाखालची विद्या



या व्याख्यानमालेत माझ्या आधी जे वक्ते बोलून गेले, ते आपापल्या विषयांतले अधिकारी पुरुष आणि स्त्रिया होत्या. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या ओट्यावर. चिटणीसांनी मला विचारले, "विषय काय छापू?" त्यांची अपेक्षा होती की मी संप, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलेन. मी म्हणालो, "परसात आगगाडी कशी बांधावी, असे छापा." ते हसले. आपल्यापैकीही काहीजण आता हसत आहेत. हरकत नाही. पण ही थट्टा नव्हे. तीस वर्षे कामगार-संघटनेचे काम करून मला जी गोष्ट कळली नव्हती, ती 45 मिलिमीटर रुंदीच्या एका रुळाने मला शिकवली, आणि ती आपल्यापुढे कबूल करावी म्हणून मी येथे उभा आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगतो. घरात टेबलावर मांडतात ती खेळण्यातली गाडी आपण पाहिली आहे. बागेतली आगगाडी ही त्याहून निराळी. ती मातीवर, उघड्यावर, ऊनपावसात धावते. इंग्लंडात सर आर्थर हेवूड नावाच्या एका सधन गृहस्थाने 1874 साली डर्बीशायरमधल्या आपल्या आवारात 15 इंच रुंदीचा लोहमार्ग घातला होता. त्यावर माणसे बसून जात. पुढे त्याहून पुष्कळ लहान गाड्या निघाल्या. जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या लेमान कंपनीने 1968 साली 45 मिलिमीटर रुंदीची बागेतली गाडी बाजारात आणली आणि तेव्हापासून ते माप जगभर रूढ झाले.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपल्या वडीलधाऱ्यांनी बार्शी लाइट रेल्वेने प्रवास केला आहे. तिच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. 762 ला 45 ने भागा; उत्तर जवळजवळ 17 येते. म्हणजे 45 मिलिमीटरच्या रुळावर एकास सतरा या प्रमाणात गाडी बांधली, की आपली जुनी लहान गाडी जशीच्या तशी परसात उभी राहते. हा हिशेब आमच्या एका निवृत्त फिटरने मला चहाच्या दुकानात करून दाखवला आणि मी त्यात सापडलो. संघाच्या कचेरीमागे 14 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असे परस पडून होते. कामगारांची मुले सुट्टीत तेथे येतात. त्यांच्यासाठी ही गाडी बांधायची असे ठरले.

या लहान गाडीचा जनक एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनियर. कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा 1897 साली सुरू झाला; पुढे 1906 साली पंढरपूर, 1911 साली लातूर आणि 1927 साली मिरज असा मार्ग वाढत गेला. 1954 साली तो सरकारने ताब्यात घेतला आणि या शतकात टप्प्याटप्प्याने तो सगळा रुंद झाला. कॅल्थ्रॉपचे डोके एका गोष्टीत चालले. यार्डाला अवघे 30 पौंड वजनाचा हलका रूळ वापरून त्यावर जड माल न्यायचा असेल, तर कोणत्याही एका आसावर 5 टनांहून अधिक भार पडता कामा नये. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला पाहिजे. इंजिन असो, डबा असो, नियम एकच. मी हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला आणि दोन-तीन सभांतून मी या भारवाटपाचा दाखलाही दिला. पण माझे सगळे लक्ष इंजिनाकडे आणि डब्यांकडे होते. रूळ म्हणजे दोन पट्ट्या टाकल्या की झाले, अशी माझी समजूत होती.

तेव्हा 2022 सालच्या जानेवारीत आम्ही रूळ टाकला. भांडेबाजारातून पितळी पट्टी आणली. लोखंड गंजते, पितळ टिकते. सुताराकडच्या सागवानी तुकड्यांचे लहान लहान स्लीपर कापले, प्रत्येकाला करवतीने दोन खाचा पाडल्या आणि त्यांत पट्टी उभी बसवली. दोन बाजूंना सहा-सहा मीटरचे सरळ भाग आणि दोन टोकांना तीन मीटर त्रिज्येची वळणे; एकूण फेरा सुमारे 31 मीटर. पट्ट्यांचे सांधे दिसू नयेत म्हणून त्यांना डाग देऊन रूळ अखंड केला. जमीन फावड्याने सारखी केली, वर नदीतली गोल वाळू पसरली आणि रूळ ठेवून दिला. फिटरने बॅटरीवर चालणारे इंजिन बांधले होते. थंडीतल्या सकाळी ते फिरले. खरी लहान गाडी तिच्या आरंभीच्या काळात ताशी 15 मैलांच्या बेताने जाई. त्याच प्रमाणात आमची गाडी फेरा पुरा करायला सुमारे 80 सेकंद घेई. मला तर कृतकृत्य वाटले.

मार्च उजाडला तसा एक चमत्कार दिसू लागला. सकाळी येऊन पाहावे तो रूळ जागचा हललेला असे, इकडे बोटभर, तिकडे बोटभर. आम्ही म्हणालो, संध्याकाळी मुले खेळतात, त्यांचा पाय लागत असेल. मुलांना रागावलो. त्यांतल्या एका मुलीने मला सांगितले, "काका, आम्ही हात नाही लावला." मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. रूळ हाताने पूर्ववत सरळ करायचा आणि गाडी सोडायची, असा क्रम आम्ही एप्रिलअखेरपर्यंत चालवला.

उद्घाटन ठेवले 1 मेला, कामगारदिनी. झेंडावंदन झाले, भाषणे झाली आणि भाषणे म्हटली की वेळ होतोच. बारा वाजता मुलांना परसात नेले. पाहतो तो डावीकडच्या सरळ भागात रुळाला अर्ध्या वितीचा बाक आलेला. इंजिन त्या बाकापर्यंत गेले आणि साठेक मुलांच्या देखत कलंडले. ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. तिने काही बोलण्याची गरजही नव्हती.

त्या रात्री मी पदार्थविज्ञानाचे शालेय पुस्तक काढून बसलो. पितळेची एक मीटर पट्टी एका अंशाने तापली, की मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सुमारे एकोणीस भाग वाढते. अंक क्षुल्लक वाटतो. पण जानेवारीच्या पहाटेचे 15 अंश आणि मेच्या दुपारी उन्हात तापलेल्या धातूचे 60 अंश, यांत 45 अंशांचा फरक आहे. सहा मीटरची पट्टी तेवढ्यात पाच मिलिमीटर वाढते. तिला दोन्ही टोकांना जागा नसली, तर ती बाजूला वाकते. आणि गंमत अशी की सहा मीटरमध्ये पाच मिलिमीटर वाढ झाली, तर मधला बाक दहा-अकरा सेंटिमीटरांचा होतो. मुलांचा पाय नव्हता; ऊन होते. गाडी सतरा पटींनी लहान करता येते, पण ऊन लहान करता येत नाही. उलट, लांबी सतरा पटींनी कमी केली की वजन सतरा गुणिले सतरा गुणिले सतरा, म्हणजे 4913 पटींनी कमी होते. मोठ्या मार्गावर आज मैल मैल लांबीचे जोडलेले रूळ असतात ते खडीच्या आणि स्लीपरांच्या प्रचंड वजनाने व पकडीने जागच्या जागी दाबून धरलेले असतात. आमच्या रुळाला धरून ठेवायला तेवढे वजन कुठले?

कारण कळले, पण उपाय हाताला येईना. तेव्हा फिटर म्हणाला, "मुकादमांना बोलवा." आणि येथे माझी खरी अडचण सुरू होते.

हे मुकादम लहान गाडीवरचे जुने गँगमन. वयाची सत्तरी ओलांडलेली. ते तेरा वर्षे आमच्या कचेरीची पायरी चढले नव्हते, आणि त्याचे कारण मी होतो. 2009 साली एका कारखान्याच्या साइडिंगचे काम एका ठेकेदाराने घेतले होते. निवृत्तीनंतर मुकादम तेथे मजुरांची टोळी सांभाळत. मजुरीचा करार माझ्या सहीने झाला. पत्रकात तीन रकाने होते: कुशल, अर्धकुशल, अकुशल. वेल्डर कुशल, यंत्र चालवणारा कुशल, आणि रुळाखाली खडी ठासणारे सगळे अकुशल. ठेकेदाराच्या कारकुनाने तसे लिहून आणले होते आणि मी ओव्हरटाइमच्या कलमावर भांडत होतो; त्या रकान्यावर मी दोन मिनिटेही घालवली नाहीत. सही झाल्यावर मुकादम मला एवढेच म्हणाले, "साहेब, तुमी कधी बीटर हातात धरलाय का?" मी उत्तर दिले, "मुकादम, कायद्याची भाषा निराळी असते." ते उठून गेले. मी त्यांना कधी 'साहेब' म्हणू दिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम म्हटले होते.

तर मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा दिला. मी रुळाची हकीकत सांगितली. त्यांनी विचारले, "सांध्यात फट किती ठिवली?" मी म्हणालो, "ठेवलीच नाही." तेव्हा ते तेरा वर्षांनी प्रथम माझ्यासमोर हसले. म्हणाले, "अरे बाबा, रूळ बी जितं जनावर हाय. ऊन लागलं की त्येला पाय पसराय जागा लागती. न्हाय दिली तर ते घरधन्यालाच लाथ मारतंय." दुसऱ्या दिवशी ते आले, परसात एक फेरी मारली आणि हुकूम दिला: "सगळं उपटा."

पुढचे सात-आठ महिने मी त्यांच्या हाताखाली मजूर होतो. त्यांनी जे शिकवले त्यातले काही आपल्याला सांगतो. कोणाला परसात गाडी बांधायची असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट जमीन. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ठेवलेली वस्तू वर्षात दोनदा हलते. तेव्हा मार्गाखालची माती वीतभर खोल काढून टाकायची, मुरूम भरायचा, पाणी मारून चोपायचा आणि कडेने पाणी निघून जाईल असा उतार द्यायचा. आम्ही हा चर खणला तो पावसाळा संपल्यावर. पण पावसाळाभर मुकादमांनी आम्हाला एकच काम दिले होते. पाऊस पडला की येऊन पाहायचे, पाणी कोठे साचते आणि कोठून जाते. त्याचा नकाशा मुलांनी वहीत काढला.

दुसरी गोष्ट खडी. मी वापरलेली गोल वाळू त्यांनी ओंजळीत घेतली आणि बोटांतून सोडून दिली. "ही पळती. कोनाची खडी एकमेकीला धरती." मोठ्या मार्गावर साधारण 20 ते 65 मिलिमीटरची फोडलेली खडी असते. सतरा पटींनी लहान केली तर मोठ्यातला मोठा खडा चार मिलिमीटरच्या आत येतो. तशी धारदार कच आम्ही खडीच्या यंत्रावरून चाळून आणली.

तिसरी गोष्ट ठासणी. याला मी अकुशल काम म्हणून सही केली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खडी स्लीपरच्या खाली सगळीकडे सारखी ठासायची नसते. ती दोन्ही रुळांच्या खाली घट्ट हवी आणि मधोमध सैल. मध्ये घट्ट झाली तर स्लीपर तराजूच्या दांडीसारखा मधल्या टेकूवर डोलतो. एक स्लीपर घट्ट आणि शेजारचा सैल असला तर रूळ त्या जागी खाली दबतो आणि वर येतो, आणि प्रत्येक चाकागणिक ते वाढत जाते. कोणता स्लीपर पोकळ आहे हे डोळ्यांना दिसत नाही. मुकादम काठीने ठोकून आवाज ऐकत. मला सगळे आवाज सारखे वाटत. तीन आठवड्यांनी मला पहिला पोकळ स्लीपर कानाने कळला. त्या दिवशी, पहिला करार केला तेव्हा झाला नसेल इतका आनंद मला झाला. मुकादम म्हणाले, "एक कळला. वळणात अजून चार हायती."

चौथी गोष्ट पातळी. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन दोन्ही रुळ समपातळीत आहेत की नाही हे हातहातभर अंतरावर पाहायचे. आमच्या चाकाची कड जेमतेम तीन मिलिमीटर खाली उतरते. तीच गाडीला रुळावर धरते. दोन मिलिमीटरची पिळवट पडली की चाक वर चढलेच समजा. चाकाचा पृष्ठभागही सपाट नसतो. वीसास एक अशा उताराचा असतो, म्हणजे गाडी आपोआप मध्यावर येते. ही करामत फिटरची. पण फिटरने कितीही नेटके चाक कातले, तरी पिळवटलेल्या रुळावर ते उपयोगाचे नाही, हे त्याने स्वतः सर्वांसमोर मान्य केले.

पाचवी गोष्ट फट. डाग दिलेला अखंड रूळ कापून मीटर-मीटरचे तुकडे केले. प्रत्येक सांध्याला लहान फिशप्लेट, आणि तिची भोके लांबट, म्हणजे बोल्ट घट्ट असूनही रुळाला सरकता येईल. आता फट किती? ते रूळ टाकण्याच्या वेळेवर अवलंबून. पहाटे टाकला तर अधिक, दुपारी टाकला तर कमी. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मुकादमांनी रुळावर तळहात ठेवला, सावली पाहिली आणि म्हणाले, "आत्ता करवतीचं पातं घालून ठिव." मी हिशेब पुरा केला. उत्तर अर्ध्या मिलिमीटरला थोडे वर आले. हॅक्सॉचे पाते सुमारे 0.65 मिलिमीटर जाड असते. मी वही मिटली.

बंधुभगिनींनो, बोरघाटाचा लोहमार्ग 1863 साली पुरा झाला. 25 बोगदे, सदतीसास एक असा चढ. इंजिनियर जेम्स बर्कले यांचे नाव पुस्तकांत आहे. ठेकेदार ट्रेडवेल वारल्यावर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुरा करवला, त्यांचेही नाव आहे, आणि ते असलेच पाहिजे. त्या घाटात एके काळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. 1859 च्या जानेवारीत मजुरीच्या प्रश्नावर त्यांचा मोठा उद्रेक झाला, याची नोंद इतिहासात आहे. पण त्या मजुरांच्या कामात विद्या कोणती होती, याची नोंद कोणी फारशी ठेवलेली नाही. मी हे सभांतून आवेशाने सांगत असे. आणि मी स्वतः 2009 साली काय केले? तोच रकाना भरला आणि खाली सही केली. ठेकेदाराने लिहिले म्हणून नव्हे, तर मलाही ते खरे वाटत होते म्हणून. जे काम बोलून सांगता येत नाही, ज्याला प्रमाणपत्र नाही, ते अंगमेहनतीचे काम, डोक्याचे नव्हे, अशी माझ्यासारख्या वाचून शहाण्या झालेल्या माणसाची पक्की समजूत असते. आज कागदावर गँगमनला 'ट्रॅक मेंटेनर' म्हणतात. नाव बदलले हे चांगलेच झाले. पण भर उन्हाळ्यात दुपारी रूळ फुगला का, आणि कडाक्याच्या थंडीत तो आखडून तडकला का, हे पाहत मैलोगणती चालणारा माणूस काय जाणतो, हे ते नाव सांगत नाही.

दुसरे उद्घाटन 1 मे 2023 रोजी झाले. मुकादमांची अट होती की ते दुपारी बारालाच व्हावे, "सकाळी काय, कुणाचीबी गाडी चालती." सांध्यांतल्या फटी उन्हाने जवळजवळ मिटलेल्या होत्या. रूळ सरळ होता. गाडी नऊ फेरे फिरली. मी त्या मुलीला बोलावून सर्वांसमोर तिची क्षमा मागितली. तिने विचारले, "मग आता मी रूळ तपासू का?" तेव्हापासून ती आमची कीमन आहे. रोज संध्याकाळी फेरी मारते, सैल बोल्ट आवळते आणि वहीत नोंद करते. तिच्या वहीत मी अजून चूक काढू शकलेलो नाही.

मुकादमांना संघाच्या फंडातून रोजाप्रमाणे मजुरी द्यायचे ठरले होते. खजिनदाराने पावतीवर विचारले, "प्रकार कोणता लिहू?" मी पेन घेतले आणि 'कुशल' असे लिहिले. मुकादमांनी पावती दूर धरून वाचली. त्यांना वाटले असते तर ते आनंदाचे दोन शब्द बोलले असते. ते म्हणाले, "माझं न्हवं रे. त्या पोरांचं काय?"

त्या पोरांचे काय, याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. साइडिंगचे काम केव्हाच संपले, टोळी पांगली, ठेकेदाराची मुदत संपली. त्यांच्या रोजातला जो फरक बुडाला तो बुडाला. माझ्या क्षमायाचनेने तो भरून येणार नाही. तेव्हा मी एवढेच केले. त्यानंतर जेथे जेथे माझ्या सहीने करार झाला, तेथे पत्रकावर सही करण्यापूर्वी ज्यांना अकुशल म्हटले आहे त्यांच्या शेजारी एक पुरा दिवस काम करायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. आजपर्यंत चार ठिकाणी असे झाले. दोन ठिकाणी रकाना बदलून घेता आला, दोन ठिकाणी आला नाही. पण निदान मी काय मागतो आहे हे मला माहीत होते, आणि मालकाच्या कारकुनाला ते माहीत नव्हते. वाटाघाटीत याचा उपयोग होतो.

आपल्यापैकी अनेकजण कचेऱ्यांतून, शाळांतून, दुकानांतून काम करता. आपल्याही हातून असे रकाने भरले जात असतील. ते भरू नका, असे मी म्हणत नाही. व्यवहार त्यावाचून चालत नाही. भरण्यापूर्वी त्या माणसाला एकदा विचारा, की बाबा रे, तू हे करतोस ते कसे करतोस? तो सांगू शकला नाही तर त्याच्या शेजारी उभे राहून पाहा.

आमची गाडी पाहायला आपण सर्वांनी यावे. प्रवेशमूल्य नाही. फक्त एक विनंती आहे: भर दुपारी या, आणि इंजिनाकडे पाहून झाले की खाली वाकून सांध्यातली फट पाहा.